‘रडकी’ का रडते, आणि माझ्यामागे कुणाला काय

मी, वय अठ्ठ्याहत्तर, शाळा चौथीपर्यंत, नोकरी रेकॉर्डच्या कारखान्यात एकोणीस वर्षं, आज गुरुवारी सकाळी चहा घेऊन, रक्तदाबाची गोळी घेऊन, डोकं ठिकाणावर असताना स्वतःच्या हाताने हे लिहिते. मला कोणी भरीला घातलेलं नाही. उलट मुलगाच म्हणाला, ‘आई, राहू दे ना, एवढी काय घाई आहे.’ याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, तेव्हा रद्द करायलाही काही नाही. खालच्या मजल्यावरचे वकील म्हणाले, ‘आजी, मुद्देसूद लिहा.’ बघते जमतं का.

एक. या दोन खोल्या, गॅलरी आणि शिलाई मशीन माझ्या मुलाला. बापाचा भिंतीवरचा फोटोही त्यालाच, तो रोज पुसतोच आहे. पण मुला, हे शेवटपर्यंत वाच आणि मग फोटो पुसायचा का फिरवायचा ते तुझं तू ठरव. मी असताना तुला सांगितलं नाही, कारण तुझं तोंड बघायची माझी छाती नव्हती.

दोन. नणंदेला माझा काळा चष्मा. ब्याऐंशी साली माझा उजवा डोळा वांग्यासारखा झाला होता, तेव्हा ती म्हणाली, ‘वहिनी, दाराला आपटलीस ना?’ आणि मी तोंड उघडायच्या आत ‘हो, दारालाच’ असं तिनेच सांगून टाकलं. त्या दाराचं नाव तिला माहीत होतं, तिचाच भाऊ. चष्मा तिने लावावा, कमी दिसायची तिला सवय आहे.

तीन. पेटीतल्या एकशे चाळीस रेकॉर्डी. हे जरा लांबेल.

आमच्या कारखान्यात तेव्हा हेवी मेटलच्या पुष्कळ रेकॉर्डी छापल्या जात. पोरं केस वाढवून यायची, पाचशे प्रती छापून घ्यायची, त्यातल्या चारशे दुकानातून परत यायच्या. परत आल्या की मधलं लेबल कापायचं आणि बाकीचं प्लास्टिक पुन्हा वापरायला दळायला टाकायचं. मी प्रत्येकातली एक बाजूला काढायचे. मला तो आवाज फार आवडायचा. घरी मार खाऊन कामावर गेलं की वाटायचं, चला, आपल्या वतीने कोणीतरी बोंबलतंय.

या सगळ्या रेकॉर्डी दाढीला. दाढी म्हणजे बस चालवणारा, बारा वर्षांपूर्वी कारखान्याचा पत्ता विचारत माझ्यापर्यंत आला आणि पेटी बघून फरशीवर मटकन बसला. रेकॉर्ड वाजवायचं मशीन, स्पीकरसकट, चष्म्याला, म्हणजे दाढीच्या जाड भिंगवाल्या मित्राला. तो दातांच्या दवाखान्यासाठी कवळ्या करतो. दोघं दर रविवारी सकाळी माझ्या पुढच्या खोलीत येतात आणि लोकांनी वाया घालवलेल्या रेकॉर्डींवर भांडतात.

‘‘गंजलेला दात’ कुणी ऐकलाच नाही, हा गुन्हा आहे,’ दाढी म्हणतो.

‘ऐकला की. म्हणून तर विसरले.’

‘तुझ्या कानात कवळी बसली आहे का रे?’

‘‘हाडांची भट्टी’ घे. एक्क्याऐंशीत इतका वेगाने ढोल कोणी बडवत नव्हतं.’

‘ढोल? पत्र्याचा डबा जिन्यावरून पडतोय तो.’

मग हाणामारी. चष्म्याने दाढीचे दोन दात पाडले आणि दोन्ही स्वतःच फुकट बसवून दिले. दाढीने त्याचं डोकं माझ्या कपाटावर आपटलं, सात टाके. कपाटावर अजून खोक आहे. मी चहा ठेवते, कापूस काढते. एवढा आनंद मला या घरात आधी कधी झाला नव्हता. पहिल्यांदाच मारामारी चालू होती आणि मार मला पडत नव्हता.

चार. ‘रडकी’. हे नाव या दोघांनी ठेवलेलं, कव्हरवर फक्त तुटलेला भाला आहे. ब्याऐंशीची. पहिली बाजू ठणठणीत, पण दुसऱ्या बाजूला बहुतेक गिटारच, ते सुरातून घसरतं, वर येतं, पुन्हा घसरतं. दाढी म्हणतो, मुद्दाम केलंय, असला हुंदका पुन्हा कुणाला जमला नाही. चष्मा म्हणतो, वाजवणारा बेसूर होता, विषय संपला. तेव्हाही दुकानदारांनी हेच म्हणून रेकॉर्डी परत पाठवल्या. बँडमधल्या गाणाऱ्याने गिटारवाल्याचा जबडा मोडला, ‘तुझ्या हातांनी आम्हाला बुडवलं’ म्हणाला. गिटारवाल्याने गिटार फोडून चुलीत घातलं.

तो गिटारवाला आता वेल्डर आहे. या दोघांनी त्याला शोधून तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आणला. जबडा अजून वाकडा. येतो, मावशी मावशी करतो, माझी खिडकीची जाळी त्याने नीट केली, पण ‘रडकी’ लावली की उठून जिन्यात जाऊन बसतो. एकदा मी विचारलं तर हात पुढे करून म्हणाला, ‘मावशी, मला तेव्हा ऐकूच आलं नाही हो, की मी चुकतोय. स्वतःचं बेसूर ज्याला कळत नाही त्याने वेल्डिंगच करावं.’

आता खरं. ज्या पत्र्यावरून रेकॉर्ड छापतात त्या साच्याच्या पत्र्याला मधोमध भोक पाडायचं काम माझं. भिंगात बघायचं, पत्रा गोल फिरवायचा, रेघा डुलायच्या थांबल्या की पायाने दाबायचं, ठक्क. त्या भोकावर अख्खी रेकॉर्ड फिरते. केसभर सरकलं की गाणं लंगडतं, सूर खालीवर होतो. ‘रडकी’च्या दुसऱ्या बाजूचा पत्रा माझ्यासमोर आला त्या सकाळी माझा उजवा डोळा बंद होता. नवऱ्याने आदल्या दिवशी पट्ट्याच्या बक्कलाने मारलं होतं. भिंगात बघायचा डोळा तोच. मी डाव्याने बघितलं, त्यातूनही पाणी गळत होतं, आणि दाबलं.

पहिली प्रत ऐकून पास करायचं काम नवऱ्याचं, तो तिथे मुकादम होता. त्याने ऐकली आणि म्हणाला, ‘ही पोरं केकाटतातच अशी. छापा.’ पाचशे छापल्या.

मी हे वेल्डरला का सांगितलं नाही? भोकाचं सांगितलं असतं तर डोळ्याचं सांगावं लागलं असतं, आणि डोळ्याचं सांगितलं असतं तर हाताचं. बारा दिवसांनी प्रेसमध्ये प्लास्टिकचा गरम गोळा अडकला आणि मुकादमाने तो काढायला हात घातला. त्या दिवशी प्रेसवर मला बसवलं होतं, माझा पाय पेडलवर होता. चौकशीच्या कागदात ‘पाय चुकून पडला’ असं लिहिलं आहे. पाय चुकून पडला नाही. साचा वरून आला, वाफ निघाली, तो कसा ओरडला ते मला अजून आठवतं आणि तुम्हाला वाईट वाटेल, पण मला त्याचं वाईट वाटत नाही. चार बोटं गेली. तो उमजून होता, माझ्याकडे नुसतं बघायचा. डाव्या हाताने एकदा पट्टा उचलला, तेव्हा माझ्या हातात तापलेली इस्त्री होती, मी ती खाली ठेवली नाही, त्याने पट्टा ठेवला. पुढे एकोणीस वर्षं मी त्याला घास भरवले. मुला, तू म्हणायचास, आईबाबांचं किती प्रेम.

तर ‘रडकी’ची माझी प्रत वेल्डरला. मी गेल्यावर दाढी-चष्म्याने गोल कानशीने तिचं भोक मोठं करावं, दुसरी बाजू मध्यावर सरकवून लावावी, आणि त्याला सांगावं की हात त्याचा चुकला नव्हता.

आज रविवार. वरचं चौथं कलम खोडते, कारण ते करून झालं.

सकाळी दोघं आले, वेल्डर आला. ‘रडकी’वरून जुंपली. दाढीने चष्म्याचा चष्मा बुटाखाली चिरडला, चष्म्याने कप फेकला तो दाढीच्या भुवईवर फुटला. रक्त गळत असताना दाढी वेल्डरकडे वळून म्हणाला, ‘तूच सांग याला, मुद्दाम वाजवलंस ना?’

‘नाही रे बाबा,’ वेल्डर म्हणाला. ‘चुकलो मी. किती वेळा सांगू?’ आणि जिन्याकडे निघाला.

मी गुरुवारीच कागदावर लिहिलेलं होतं, तरी मी जिवंत बसलेली आणि तो माझ्यासमोरून खाली मान घालून चाललेला. मी म्हटलं, बस. शिलाई मशीनच्या खणातून कानस काढली. भोक घासलं, दुसरी बाजू लावली, रेघा डुलायच्या थांबेपर्यंत बोटाने सरकवली. घासता घासताच सगळं सांगितलं, डोळा, पट्टा, पेडल.

गाणं वाजलं. सरळ, ताठ, एकही सूर हलला नाही.

वेल्डरने ते पूर्ण ऐकलं. मग उठला आणि दोन्ही हातांनी माझा गळा धरला. ‘त्रेचाळीस वर्षं,’ एवढंच म्हणाला. हात चांगलेच दणकट आहेत, मला खोली काळी दिसायला लागली होती. दाढीने मागून त्याला मिठी घातली, चष्म्याने आंधळेपणाने मनगट चावलं, तेव्हा सोडला. मी खोकत होते. तो फरशीवर बसला आणि बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिला.

‘मावशी,’ म्हणाला, ‘परत लावा.’

पाच वेळा लावली. दाढी रडवेला झाला, म्हणे हुंदका गेला, आता हे नुसतं चांगलं गाणं आहे. वेल्डर म्हणाला, ‘नुसतं चांगलंच वाजवलं होतं मी.’

गळा धरला तो मृत्युपत्रासाठी नव्हे, म्हणून दडपणाखाली लिहिलं असं कुणी म्हणू नये. वळ उठले आहेत, मुलाने विचारलं तर मी दाराला आपटले असं म्हणणार नाही.

वकिलांना सहीसाठी वर बोलावलं. ते म्हणाले, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्ष करू नये. दाढी आणि चष्मा मागे सरकले. वेल्डर म्हणाला, ‘माझं नाव काढा मावशी, ती पण दाढीलाच द्या. मला मिळायचं ते मिळालं. साक्ष मी करतो.’ त्याप्रमाणे ‘रडकी’सुद्धा दाढीला.

वरचं सगळं मी वाचलं, मला मान्य आहे, दोन्ही डोळे उघडे आहेत.

ठिकाण: पुढची खोली, फुटका कप अजून उचलायचा आहे.
तारीख: ९ फेब्रुवारी २०२५, रविवार, दुपार.

लिहून देणार: (सही) मी

साक्षीदार पहिले: (सही) खालच्या मजल्यावरचे वकील. आमच्यासमक्ष सही केली. मजकूर मी वाचलेला नाही आणि वाचणारही नाही.

साक्षीदार दुसरे: (सही) वेल्डर, ‘रडकी’चा गिटारवाला. मजकूर वाचला. दुसरी बाजू माझीच.