डाव्या कुशीवरचा ऑक्टोबर

११ ऑक्टोबर १९८६, शनिवार

घरी सोडत नाहीत! पिशवीचं तोंड उघडायला लागलंय म्हणे. डाव्या कुशीवर पडून राहायचं, पलंगाचा पायथा उंच. उठायचं नाही — बाथरूमलासुद्धा नाही. किती दिवस, विचारलं. डॉक्टर म्हणाले, "जितके मिळतील तितके."

सहावा महिना जेमतेम सरतोय. आधीची दोन्ही पाचव्यातच गेली. हे निदान इथवर आलं.

विनय श्रूजबरीला घरी जाऊन माझा गाऊन, कंगवा, चष्मा घेऊन आला. साबण विसरला. किती वेळ माझ्या पायांकडेच बघत उभा होता.

शेजारच्या पलंगावर आयलीन. इथली वूस्टरचीच, आयरिश, चौथं बाळंतपण, ब्लडप्रेशर वाढलंय. पहिला प्रश्न — रेड सॉक्स बघतेस का? म्हटलं, लग्न होऊन इथे आले तेव्हापासून. विनय दिवसभर लॅबमध्ये, मी टीव्हीसमोर. इंग्लिश बोलायला मी त्यांच्या बेसबॉलवरूनच शिकले. ती हसली. "मग तुझं काही खरं नाही! १९१८ पासून एकदाही शेवटपर्यंत जिंकलेले नाहीत ते."

१२ ऑक्टोबर

आज संपलंच होतं. कॅलिफोर्नियात मॅच, समोरच्यांना जिंकायला एक स्ट्राइक हवी — आमच्याचा आणखी एक बॉल हुकला की खेळ खलास. गर्दी आवरायला मैदानाच्या कडेला पोलीससुद्धा येऊन उभे राहिलेले. मला बघवेना. डोळे मिटून घेतले.

"बघ! अगं, बघ ना!" आयलीन एवढ्या जोरात ओरडली की नर्स पळत आली. होमरन! भिंतीपलीकडे!

पुढे खूप ताणली, पण जिंकलो. नर्स माझ्या पोटावरच्या मशीनचा कागद बघत म्हणाली, कळा नाहीत. रेघ अगदी सरळ. मला वेड्यासारखं वाटायला लागलंय की हे दोन्ही एकच आहे. रेड सॉक्स टिकले तर हेही टिकेल.

विनयला हे सांगणार नाही. सायंटिस्ट माणूस, हसेल.

१६ ऑक्टोबर

काल जिंकलो. आता फायनल, वर्ल्ड सिरीज!! बाळ लाथा मारतंय.

१८ ऑक्टोबर, शनिवार

विनय दुपारभर इथेच. शनिवार म्हणजे त्याचं कॉलेज फुटबॉल, इथलं, बॉल हातात धरून पळायचं. पीएचडी बोस्टन कॉलेजची, त्यामुळे ती टीम त्याच्या घरची. सीझनच्या सुरुवातीला मार खाल्ला, तेव्हा जेवायचासुद्धा नाही नीट. आता जिंकायला लागलेत.

बाळाबद्दल एक अक्षर काढत नाही. रेडिओ कानाला लावून मला सांगत बसतो — एवढे यार्ड, तेवढे यार्ड. मी चिडले. "मला त्यातलं काही कळत नाही, विनय!"

त्याने रेडिओ कानावरून काढला. मग म्हणाला, "सुलू, पुढे असलेली टीम शेवटी काय करते माहितीये? काही करत नाही. बॉल छातीशी धरून बसते आणि वेळ जाऊ देते. तू तेच करायचंस."

मग रेडिओ बंद करून खिडकीशी जाऊन उभा राहिला. पाठ माझ्याकडे. मला उठून जवळ जाता येईना.

२१ ऑक्टोबर

पद्मजाकाकू डबा घेऊन आल्या. आडव्या आडव्या वरणभात भरवला. काका-काकू इथे आमच्या कितीतरी आधीपासून, आम्हाला आईवडिलांच्या जागी. टीव्हीकडे बघून म्हणाल्या, "कशाला गं जिवाला घोर लावून घेतेस? ते बॉयज हरले तरी घरी जाऊन जेवणार आहेत."

खरंच आहे. संध्याकाळी तरीही लावला. हरले.

कळा थांबवायच्या औषधाने छाती धडधडते. हात कापतो. अक्षर बघ!

२४ ऑक्टोबर

काल आयलीनला घाईघाईने आत नेलं. मुलगा. दोघं सुखरूप. जाताना ओरडून म्हणाली, "तू बघत राहा! माझ्या वाटचंही!"

पलंग रिकामा, चादरसुद्धा काढून नेली. रात्री रेड सॉक्स जिंकले. आता एकच मॅच जिंकायची राहिली. कोणाला सांगू?

२६ ऑक्टोबर, रविवार

सकाळ. लिहवत नाही, पण लिहिते.

काल रात्री दोन रन पुढे होतो. त्यांचे दोन आउट, तिसरा झाला की जिंकलो. बेसवर कोणी नाही. मी विनयला फोन लावून ठेवला होता, दोघं दोन टीव्हींसमोर. तो म्हणाला, "झालं गं, झालं!"

मग त्यांची एक हिट. आणखी एक. आणखी एक. स्ट्राइक एकच हवी होती — ती येईचना. बरोबरी झाली. आणि शेवटी तो साधा सरपटी बॉल, आमच्या पहिल्या बेसवरच्याच्या पायांमधून मागे निघून गेला, आणि हरलो. त्याचं तोंड दिसलं मला. त्या माणसाला शिव्या देतायत सगळे. मला देता येत नाहीत.

फोन ठेवला. मग पोटात आवळून आलं. मी बेल दाबली.

औषध वाढवलंय. पाऊस आहे, आजची शेवटची मॅच उद्यावर गेली.

२७ ऑक्टोबर

दुपारी पाणी गेलं. विनय निघालाय. आता थांबवता येणार नाही म्हणतात.

२८ ऑक्टोबर

मुलगी झाली, काल संध्याकाळी. दोन पौंडांहून जरा जास्त. रडली की नाही ते मला कळलं नाही — डॉक्टर तिला धरून पळालेच. मी पाहिलीसुद्धा नाही.

गुंगीतून जाग आली तर विनय दारात. डोळे लाल. म्हणाला, "हरलो आपण."

मी किंचाळले. नर्स आली. तो धावत आला, माझे खांदे धरले — "नाही गं, मॅच! मॅच म्हणतोय मी! ती आहे! मशीनवर आहे, पण आहे!"

मग माझ्या उशीत तोंड खुपसून रडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी त्याच्या केसांतून हात फिरवत राहिले. दुसरं काय करणार? तिच्याजवळ जाता येत नाही. दूर, परक्या लोकांच्या हातात ती.

३१ ऑक्टोबर

नर्स पंप घेऊन आली. म्हणाली, "तिला तुझं दूध पाहिजे. ते आमच्यापैकी कोणाकडेच नाही." वाटीच्या तळाला पुरेल एवढंच निघालं, पिवळसर. नळीतून दिलं. पचलं! संध्याकाळी पुन्हा द्यायचंय. मी उठून बसलेय.