पाचवी ‘ब’ची शिल्लक प्रार्थना

१२ जुलै

चि. बंधूस,
अ. उ. आ.

आपण बोलत नाही, हे माझ्या लक्षात आहे. हे पत्र म्हणजे बोलणं समजू नये, निरोप समज. माझ्याकडे राहून शिकणाऱ्या तुझ्या लेकीमुळे लिहिणं भाग पडलंय.

आमच्या शाळेत सकाळची प्रार्थना मुलंच घेतात. रोज एकाची पाळी. तो पुढे येतो, क्रूसाची खूण करतो, ‘नमो मारिया’ म्हणवून घेतो आणि देवाकडे एक मागणं मागतो. मग सगळा वर्ग ‘हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक’ म्हणतो. मुख्याध्यापिका सिस्टरांचा नियम असा, की एकदा मागितलेलं मागणं रोज मागायचं, ज्यानं मागितलं त्यानं पुढे येऊन आभार मानेपर्यंत. मध्येच ते कुणालाही काढता येत नाही, खुद्द सिस्टरांनासुद्धा नाही. त्यामुळे कुणाची हरवलेली मांजर, कुणाच्या आजोबांचा गुडघा, एकाच्या दादाची कायम हरणारी फुटबॉलची टीम, हे सगळं देवाच्या कानावर घालता घालता माझा गणिताचा तास निम्मा संपतो.

सोमवारी तुझ्या लेकीची, म्हणजे वकिलीणबाईंची पाळी होती. हे टोपणनाव तुम्ही तिला उगाच नाही ठेवलंत. तिनं खणखणीत आवाजात मागितलं, की माझे बाबा आणि माझी आत्या, म्हणजे आपल्या टीचर, यांचं भांडण मिटू दे आणि दोघांचा हेकटपणा जाऊ दे. वर्गानं छप्पर उडेल अशा आवाजात साथ दिली. मलाही द्यावी लागली. शिक्षिकाच गप्प बसली तर मुलं काय शिकतील?

तेव्हा ‘भांडण मिटलं’ एवढ्या दोन ओळी लिहून पाठव. तिला दाखवते, ती आभार मानेल आणि मी एकदाची अपूर्णांकांकडे वळेन. मग तू खुशाल अबोला धर.

लोभ वाढव म्हणत नाही. आहे तेवढा सांभाळलास तरी पुष्कळ.

तुझी ताई


१८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निरोप पोचला. हाही निरोपच आहे.

खोट्या ओळी मी लिहिणार नाही. सहा वर्षांपूर्वी शाळेच्या फोटोच्या आदल्या दिवशी तू माझ्या दुकानात येऊन बसलीस. ऐन कात्री चालू असताना मान हलवलीस, डावी बाजू वर गेली, त्यात माझा काय दोष? आणि तू भरल्या दुकानात म्हणालीस, की मी माणसं सोडून कुंपणाची झुडपं कापावीत. तेही मी गिळलं असतं. पण त्यानंतर तू दुसऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसलीस! न्हाव्याच्या सख्ख्या बहिणीनं परक्यापुढे डोकं धरावं, म्हणजे माझ्या धंद्याची काय अब्रू राहिली? तू माझ्या खुर्चीत येऊन बसेपर्यंत मी तुझा उंबरा ओलांडणार नाही. पोरीला सुट्टीत घरी न्यायला येतो तेव्हा औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर उभा राहतो, तसाच राहीन. मला काही त्रास नाही.

तब्येतीला जप. हे माणुसकी म्हणून लिहिलंय.

तुझा भाऊ

ता. क. वन्सं, हे पत्र यांनी तीनदा लिहून फाडलं. त्या नादात एका गिऱ्हाइकाची अर्धी मिशी उडाली. उरलेली अर्धी फुकट काढून दिली. बाकी सर्व ठीक. — तुमची भावजय


९ ऑगस्ट

चि. बंधूस,
अ. उ. आ.

प्रकरण हाताबाहेर गेलंय. मुलांना प्रार्थना अचूक करायची आहे, म्हणून वर्गात चौकशी चालू झाली. एका मुलीनं मागितलं, की टीचरनी मान हलवली होती की नव्हती हे देवानं आम्हाला कळवावं. दुसऱ्यानं मागितलं, की कळवताना पुरावाही द्यावा. सिस्टरांना येऊन सांगावं लागलं, की प्रार्थना म्हणजे कोर्ट नव्हे. जाता जाता त्यांनी मलाच बाजूला घेऊन हळूच विचारलं, की खरंच हलवली होती का!

इथवर मी हसण्यावारी नेलं. आता हसू येत नाही. मांजर सापडली. गुडघा बरा झाला. ती टीमसुद्धा जिंकली, समोरची टीम आलीच नाही म्हणून, पण जिंकली. ज्याचे त्यानं आभार मानले. आपलंच मागणं तेवढं शिल्लक राहिलंय. काल वकिलीणीनं डबा तसाच परत आणला. विचारलं तर म्हणाली, की देव सगळ्यांचं ऐकतो, म्हणजे मागण्यात तीच कुठेतरी कमी पडते. मधल्या सुट्टीत सगळी पोरं खेळतात आणि ही रिकाम्या वर्गात एकटी गुडघे टेकून बसते. तिला वाटतं, खोट तिच्यात आहे. हट्ट आपल्या दोघांचा आणि शिक्षा भोगते ती. मला ते बघवत नाही रे.

माझं ऐक. एकोणीस तारखेला, रविवारी, रस्ता ओलांडून घरात ये. दहा मिनिटं बस, चहा घे, माझ्याशी गोड बोल. मीही बोलेन. ती आभार मानून मोकळी होईल. नंतर हवं तर आपण पुन्हा भांडू, तिच्या नकळत.

एवढं कर. लोभाचं नंतर बघू.

तुझी ताई


१३ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डब्याचं वाचलं आणि दुपारभर दुकान उघडलं नाही. येतो. चहाला साखर कमी. झुडपांचा विषय काढू नकोस.

तुझा भाऊ

ता. क. वन्सं, गोड हसण्याचा सराव दुकानातल्या आरशात चालू आहे. काल एक म्हातारेबुवा दाढीला साबण लावलेल्या अवस्थेतच उठून गेले. — भावजय


२० ऑगस्ट

चि. बंधूस,
अ. उ. आ.

आपलं नाटक साफ पडलं. तू मांडीवर पिशवी घेऊन बसला होतास, बस सुटेल अशा बेतानं. मी तुला तीनदा चहा कसा झालाय म्हणून विचारलं आणि तू तिन्ही वेळा ‘अतिउत्तम’ म्हणालास. जन्मात तुझ्या तोंडी हा शब्द नव्हता. आज प्रार्थनेत सगळा वर्ग वाट बघत होता. वकिलीण पुढे गेली, पण आभार मानले नाहीत. उलट मागण्यात भर घातली, की या दोघांना देवाला न फसवण्याची बुद्धी दे. वर्गानं अशी काही साथ दिली, की शेजारच्या वर्गातून माणूस बघायला आला.

घरी तिला विचारलं. तिनं सरळ सांगितलं, की भांडण केसांवरून झालं, तर ते चहानं कसं मिटेल? आत्याचे केस बाबांनी कापले तरच ती मानेल. आणि तेही वर्गासमोर, कारण एवढे दिवस मागितलंय सगळ्यांनी. मी बसते तुझ्या खुर्चीत. मला भीती वाटते, तरी बसते. सिस्टरांची परवानगी काढलीय. त्यांना वाटलं होतं मी गंमत करतेय. मग माझं तोंड बघून त्यांनी फक्त तारीख विचारली.

खुर्ची घेऊन ये. वाट बघते, आणि हे मनापासून लिहिलंय.

तुझी ताई


३० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. जाताना कंडक्टरनं खुर्चीचं अर्धं तिकीट घेतलं होतं. बारा वर्षांखालची आहे का, असंही विचारलं.

काल तुमच्या वर्गात काय झालं ते तुला ठाऊकच आहे, पण मला लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही. फळ्यासमोर खुर्ची, तिच्यात तू, आरसा धरून सिस्टर उभ्या, आणि ती सगळी पोरं बाकांवर चढून तुझ्या मानेवर डोळे लावून बसलेली. तू दगडासारखी बसलीस. हलला तो माझा हात. पोरगी बाजूला उभी राहून ओठातल्या ओठात पुटपुटत होती, तिच्याकडे नजर गेली आणि कात्री सटकली. डावी बाजू वर गेली, गेल्या वेळेपेक्षा दोन बोटं जास्तच.

तू आरसा हातात घेतलास. उजवी बाजू बघितलीस, मग डावी बघितलीस. आणि त्या भरल्या वर्गात मोठ्यानं म्हणालीस, की इतके सुरेख केस तुझे आजवर कुणीच कापले नव्हते. ताई, तू धडधडीत खोटं बोलत होतीस. पोरांना दिसत होतं. सिस्टरांनाही दिसलं, म्हणून त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. आमची वकिलीण उभ्या आयुष्यात कुणाचं खोटं खपवून घेत नाही. तिनं तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुढे जाऊन क्रूसाची खूण केली आणि आभार मानले. मी ‘आमेन’ म्हणालो, तेही सगळ्यांच्या मागून, एकटाच. तू माझा हात धरलास ते बरं केलंस.

खुर्ची तुझ्या घरीच राहिली. इथे गिऱ्हाइकं स्टुलावर बसतात आणि कुरकुरतात. कुरकुरू देत. डावी बाजू मला सरळ करावी लागेल, पण आत्तापासून सांगून ठेवतो, एका दिवसात करणार नाही. दर रविवारी थोडी थोडी करीन.

लोभ आहेच. मान हवी तेवढी हलव.

तुझा धाकटा