देव पाण्यात, बन उन्हात

आषाढ शु. ५
‘महादेवाच्या बनाखाली राहणाऱ्या गावकऱ्यांनो, मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, बारवेच्या तळाच्या पायऱ्या उघड्या पडल्या, आणि वर तुम्हालाच ऐकवतात की हे तुमचं पाप!’ उद्या देवळाच्या पायरीवरून सुरुवात हीच. मोमिनाबादच्या कोर्टातलं काम पुढं ढकलून गावी आलो आहे. निघताना एक पक्षकार म्हणाला, ‘आता आभाळावर फिर्याद ठोकताय व्हय, वकीलसाहेब?’

आभाळावर नाही, काशिनाथअप्पा गुत्तेदारावर. परळीकडच्या एका कापसाच्या जिनिंगच्या बॉयलरला लाकूड पुरवतात. खालचे डोंगर संपले, आता आमचं बन पाहिजे. धावडा, लिंब, अंजन, सगळं. बदल्यात ज्वारीच्या गाड्या. लबाडी काही नाही, उघड सौदा. म्हणूनच अवघड. लोकांच्या चुली दिवसाआड पेटतात.

पण बन गेलं की बारव गेली. हे त्यांना पटवायचं.

आषाढ शु. ६
बोललो. घसा पार बसला.

काही राखून ठेवलं नाही. सूर्यावरचे डाग वाढतात, घटतात, आणि पाऊस त्यांच्याबरोबर हलतो, असं काही विद्वान मानतात. दूरच्या एखाद्या बेटावर ज्वालामुखी फुटला तर त्याची राख मुलुखामुलुखावर पसरून उन्हाला आड येते. दक्षिण समुद्रावर हवेचा दाब फिरला की आपल्याकडचा वारा रुसतो. ही निसर्गाची करणी. आणि माणसाची? विलायतेपासून मुंबईपर्यंत गिरण्या, आगगाड्या, आगबोटी जमिनीच्या पोटातला कोळसा जाळताहेत. त्याचा वायू पृथ्वीवर घोंगडीसारखा साचतो आहे. आपल्याला जाणवणार नाही, पण नातवंडांच्या वेळी उन्हाळा आजचा राहणार नाही. हेही सांगितलं.

मग घरचं. तापाच्या साथीत डोंगराची खालची उतरण सरणांना गेली. माझा धाकटा भाऊ त्यातल्याच लाकडांवर. उरलेली वीटभट्टीला. झाडं गेली तशी माती सुटली, ओढ्यात आली, ओढ्यातून बारवेत. आजोबांच्या वेळी ओढा होळीपर्यंत वाहायचा. आता दसऱ्याला खडक दिसतो. आमच्याच डोळ्यांसमोर झालं हे.

टाळ्या पडल्या. मग अप्पा उठले. उपरणं झटकलं. ‘वकीलसाहेब लई ग्वाड बोलले. डाग सूर्यावर, राख बेटावर, दाब समुद्रात. मग माज्या कुऱ्हाडीनं कुणाचं घोडं मारलंय? झाडं ठिवली तर सूर्याचे डाग धुऊन निघत्यात का?’

सगळी सभा हसली. पायरीवरचा गुरवसुद्धा. टाळ्या माझ्या, मुद्दा अप्पांचा.

आषाढ शु. ७
सौ. भाकरी थापता थापता : ‘तुमी समुद्रावरून माघारी यायच्या आत अप्पांनी निम्मं गाव नेलं की.’

म्हटलं, मग काय खोटं बोलायला हवं होतं? एकट्या कुऱ्हाडीनं पाऊस गेला असं?

‘खोटं काऊन? ऊन वाढलं म्हणून डोईवरचा पदर कुणी काढून ठिवतंय का, एवढंच इचारायचं.’

हे काल तोंडात असायला हवं होतं. वाचलेलं सगळं बोललो, हे एक वाक्य सोडून. आता सभा होऊन गेली.

आषाढ शु. ९
गावानं ठरवलं : महादेव कोंडायचा. गाभाऱ्याच्या उंबऱ्याला चिखलाचा बांध घालून आत पाणी भरायचं, पिंड बुडेपर्यंत. देव गुदमरला की पाऊस सोडतो.

पायरीवर आडवा उभा राहिलो. ओरडलो. बारवेत चूळ भरायला पाणी नाही आणि ते दगडावर ओतता? तहानेल्या पोरांच्या तोंडचं?

माणिकराव पाटील शांतपणे म्हणाले, ‘वकीलसाहेब, देवाचा जीव घाबरा झाल्याबिगर त्याला आपली तहान कळत न्हाई. सरा बाजूला.’

बायका माझ्या दोन्ही अंगांनी घागरी घेऊन आत गेल्या. एकीचं पाणी माझ्या धोतरावर सांडलं. ती मला नाही, देवाला म्हणाली, ‘माफ कर रं बाबा.’

संध्याकाळपर्यंत पिंड दिसेनाशी झाली. पावसाचा टिपूस नाही.

आषाढ शु. १३
म्हादबा गुरव आज भेटला. विचारलं, सौदा अडला कुठं? अप्पांचे लाकूडतोडे ओढ्याकाठी उतरून बसलेत, मग बनात का जात नाहीत?

‘कसं जातील? बन देवाचं. देवाच्या मालाला देवाचा कौल लागतो. पिंडीवर डाव्या-उजव्या अंगाला बेलाची पानं लावायची. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर न्हाई. अन् पिंड पाण्यात असंल तर पान चिकटंल कशाला?’

म्हणजे देव पाण्यात आहे तोवर कौल नाही?

‘कौल न्हाई. अन् कौल न्हाई तवर बनातली काडी न्हाई. माज्या बापाच्या बापापासनं असंच हाय.’

घरी आलो तो तारीख वाढवून मिळालेल्या वकिलासारखा. ज्या पाण्याला नवमीला शिव्या दिल्या त्यानंच बन वाचवलंय. सौ.ला सांगितलं नाही. का नाही सांगितलं?

आषाढ व. २
चिखलाचा बांध पाझरतो. वर असं ऊन, आषाढात वैशाख. पिंडीचा माथा उघडा पडला. ओढ्याकाठची माणसं कुऱ्हाडींना धार लावताना दिसली.

घागर खांद्यावर घेतली, बारवेत उतरलो, भरली, देवळात नेऊन ओतली. माथा बुडाला.

पारावरून हाक आली. पाटीलच. ‘काय वकीलसाहेब, दगडावर पाणी?’

भोवतीचे खदाखदा हसले. कुणी म्हणालं, ‘घरून लाटणं फिरलं दिसतंय.’ वाद टाकून रिकामी घागर घेऊन चालता झालो. माझ्या हयातीत पहिल्यांदाच. खरं सांगितलं असतं तर तिसऱ्याच दिवशी अप्पांनी बांध फोडला असता.

आषाढ व. ५
रोज ओततो आहे. दोन-तीन भाविक म्हातारेही आता माझ्या मागोमाग येतात. त्यांना वाटतं, मी शुद्धीवर आलो.

आज बारवेत अंजीमावशी होती. शेजारीण; माझ्या आईबरोबरीची. तळाच्या चिखलात खळगा करून करवंटीनं पाणी घेत होती, पदरातून गाळत होती. माझी घागर देवासाठी राखलेल्या वरच्या कुंडीतून भरलेली, स्वच्छ. म्हटलं, मावशी, तुझं भांडं इकडं कर.

‘देवाच्या नावानं भरलेली हाय ना? मग न्हाई. नेऊन घाल बाबा. तुज्या हातून पाऊस यायचा असंल तर आमी तेवढी कळ काढू.’

मावशी, पाऊस यायचा नाही, असं तोंडावर आलं होतं. मी पावसासाठी ओततच नाही. मी…

घागर पायरीवर ठेवून आलो. कुणी नेली माहीत नाही. देवापुढं लबाडी केली असं वाटत नाही. देवाला माझं सगळं माहीत आहे. तिला नव्हतं.

आषाढ व. ६
ओतायला गेलो नाही. सौ.ला सगळं सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग : ‘बन वाचवायला बारव उपसत होता म्हणा की.’

हो.

आषाढ व. ९
एक गोष्ट इतके दिवस डोळ्यांपुढं असून दिसली नाही. लोक बन विकताहेत ते सूर्याच्या डागांमुळं नाही, अप्पांच्या तोंडाळपणामुळंही नाही. भाकरीसाठी. आणि भाकरी गावातच आहे. जमिनीखाली. पाटलाचं पेव, देशमुखी आळीतली पेवं, आमच्या अंगणातलं. शिगोशीग भरून बुजवलेली ज्वारी. वरून गाव चालतं.

पाटलाकडं गेलो. ओसरीवर बसवलं, पान दिलं. पेव उघडा म्हटलं.

‘उघडलं असतं. पाच-सात सालांनी एकदा दुष्काळ पडायचा, तवा माज्या वडलांनी उघडलं बी होतं. पण तुमीच म्हणलात ना, ऋतू पालटले? नातवंडाच्या टायमाला याहून वंगाळ? म्या ऐकलं तुमचं. सभेत एकटा म्याच नीट ऐकत होतो.’ हसले नाहीत. ‘मला नातवंडं हाईत, वकीलसाहेब. पेव त्यांचं.’

अप्पांनी माझ्या भाषणातून काढलं : आपल्या हातात काही नाही. पाटलांनी काढलं : आपलं आपण झाकून ठेवावं. भाषण एकच. परतीच्या वाटेवर दोघांचाही राग आला, मग तोही उरला नाही.

आषाढ अमावास्या
दुपारी ढग भरून आले. लोक अंगणात उभे. धर्मापुरीच्या अंगाला वळले आणि गेले. गाभाऱ्यात आता चिखलच. पिंड पूर्ण उघडी. म्हादबानं पुसून काढली. श्रावणी सोमवारी देव पाण्यात ठेवता येत नाही. त्याच दिवशी पूजा, मग कौल.

अप्पांच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या. ज्वारीनं भरलेल्या. पोरं चाकांशी घुटमळतात, सांडलेले दाणे वेचतात.

श्रावण शु. १
आमचं पेव उघडलं. वरची माती काढली, फरशी सरकवली. कंदील दोरीनं खाली सोडला तर अर्ध्यातच विझला. पुन्हा सोडला, पुन्हा विझला. कोंडलेल्या दाण्याचा वायू. रसायनाच्या पुस्तकात याचं नाव तेच आहे जे कोळशाच्या धुरातल्या वायूचं. आभाळभर पसरलेला कुणाला दाखवता येत नाही. इथं अंगणात माझ्या कंदिलावर बसला होता.

सौ. काठावर उभी. ‘पुढच्या सालाला?’

म्हटलं, पुढच्या साली बारव असली तर पाहू.

‘अन् नसली तर?’ मग तिनंच फरशी आणखी बाजूला लोटली. ‘रातभर उघडं राहू द्या. कुणी तसंच उतरलं तर मरंल.’

श्रावण शु. २, रविवार
सकाळी कंदील तळाशी जळत राहिला. ज्वारी वर काढायला लागलो. वास येतो, पिवळी पडली आहे, पण खाण्याजोगी. पहिली पायली अंजीमावशीला. ‘ही कुणाच्या नावाची?’ तिनं विचारलं. म्हटलं, कुणाच्याच नाही. घेतली.

आमचं एक पेव गावाला पुरायचं नाही. पौर्णिमा गाठली तरी पुष्कळ.

आज दिवस मावळायच्या आत पुन्हा पायरीवर उभा राहणार. पाटील येतो म्हणाले, एवढंच म्हणाले. अप्पाही येतील. या खेपेला सूर्य नाही, समुद्र नाही. एवढंच बोलायचं, इथं लिहून ठेवतो :

‘माणिकराव, आणि पेव असलेल्या प्रत्येक घरा! सूर्याचं सूर्य बघेल. त्याच्यावर आपला इलाज नाही. बनावर आहे, आणि बन आज भुकेच्या हातात आहे. तुमच्या नातवंडांना ज्वारी ठेवाल, पाणी कुठलं ठेवाल? कौल उद्या सकाळी लागणार, पण गावात ज्वारी निघाली तर तो मागणारच कोण? उद्या उघडलेल्या पेवात उद्या उतरता येत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून घरी जा, आणि आज, उजेड आहे तोवर, पेवावरची फरशी काढून ठेवा.’