आठ अंशांवर ठेवावयाची सात रिळे

मी, या कागदाखाली सही करणारा, वय वर्षे चोपन्न, धंदा फ्रीज व थंड पेट्या दुरुस्त करणे, शिक्षण शाळेतले सातवीपर्यंत आणि पुढचे सगळे माझे मी, असे लिहून ठेवतो की आज मंगळवारी माझे डोके ठिकाणावर आहे. पुरावा हवा असल्यास, आज सकाळीच खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंच्या फ्रीजमधला बिघाड मी नुसता आवाज ऐकून ओळखला. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. घाई मात्र आहे. परवा, गुरुवारी सकाळी आठला, माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. मी डॉक्टरांना विचारले, "शंभरातले किती उठतात?" ते म्हणाले, "तुमच्यासारखे साठ." शंभरातली चाळीस यंत्रे ज्याच्या हातून परत चालू होत नाहीत, अशा कारागिराकडे मी माझा फ्रीज टाकला नसता. पण छातीसाठी दुसरे दुकान नाही.

कलम १. राहत्या घराच्या दोन खोल्या, रस्त्याकडचा दुकानाचा गाळा आणि बँकेत जे काही असेल ते सर्व माझ्या पत्नीला. तिने घर ठेवावे, विकावे, भिंतींना हवा तो रंग द्यावा. माझा आत्मा येऊन दारे वाजवणार नाही. तसली कामे करायला फार खर्च येतो, हे मी चित्रपट पाहून जाणतो.

कलम २. सर्व हत्यारे, गॅस भरायचे यंत्र व तांब्याच्या नळ्या माझ्या मुलीला. ती प्रयोगशाळेत नोकरी करते, पण नळीला डाग देताना तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर असतो. हे मी तिला तोंडावर कधी बोललो नाही, म्हणून येथे लिहितो. पाने मापाप्रमाणे टांगावेत. बाराच्या खिळ्यावर दहाचा पाना मला जिवंतपणी खपला नाही, नंतरही खपणार नाही.

कलम ३. माझ्या धाकट्या भावाला ॲल्युमिनियमची आठ पायऱ्यांची शिडी. ती एकोणीस वर्षांपूर्वी "दोन दिवसांसाठी" म्हणून त्यानेच नेली आहे. आता ती कायदेशीर रीतीने त्याची झाली. माझ्या छंदाला तो चारचौघांत "दादाचा भुतांचा कारखाना" म्हणत असे, त्याबद्दल मी त्याला दुसरे काही देत नाही.

कलम ४. दोनशे बारा व्हिडिओ कॅसेटी, त्या चालवायची दोन यंत्रे आणि कापडी बांधणीच्या तीन वह्या. कॅसेटींवर स्वस्तातले भीतिपट आहेत. कोणी ते लग्नाच्या मंडपात रात्रभरात उरकलेले, कोणी भावाच्या गोठ्यात. वह्यांत प्रत्येक चित्रपटाला एक पान आहे आणि पानाला दोन रकाने आहेत. डावीकडे चुका, उजवीकडे खरी भीती. डावा रकाना भरायला कोणालाही जमते. राक्षसाच्या पाठीवरची चेन, प्रेताची हलणारी पापणी, थडग्यामागून जाणारी सायकल. उजवा रकाना भरायला मात्र माणसाने हसणे आवरून बसावे लागते. पुष्कळ पानांवर तो कोरा आहे. कोरा आहे तिथे मी खोटे लिहिलेले नाही. हे सर्व जे वाचनालय घेईल त्याला द्यावे. कोणीही न घेतल्यास वह्या तेवढ्या मुलीने ठेवाव्यात.

कलम ५. आता ज्यासाठी हा कागद लिहायला बसलो ते.

दुकानामागच्या खोलीत एक आडवा फ्रीजर आहे. आइस्क्रीमवाल्याने टाकून दिलेला. मी त्याचा थर्मोस्टॅट बदलला आणि गेली बावीस वर्षे तो आठ अंशांवर चालू आहे. त्यात पत्र्याच्या सात डब्यांत सात रिळे आहेत. चित्रपटाचे नाव "गिरणीतला हात". लांबी सत्याहत्तर मिनिटे. हा चित्रपट एका पडदे शिवणाऱ्या माणसाने अकरा दिवसांत, स्वतःच्या शिलाईच्या कमाईवर केला. फिरता सिनेमा दाखवणाऱ्या एका म्हाताऱ्याने धंदा बंद केला तेव्हा तो या डब्यांवर पाय ठेवून बसत असे. त्याच्याकडून मी ते घेतले. पुढे मी त्या पडदेवाल्याच्या मुलीचा पत्ता काढला. तिचे उत्तर डब्यांसोबत पाकिटात आहे: "मूळ फिल्म गोदामाच्या आगीत गेली. दुसरी प्रत आमच्या माहितीत नाही. तुमच्याकडे आहे तीच." म्हणजे जगात ही एकच.

डाव्या रकान्यात याच्या त्रेचाळीस चुका आहेत. एकच किंकाळी चार वेळा वापरली आहे. तिसऱ्या रिळात इन्स्पेक्टर अचानक चार बोटे बुटका होतो, कारण पहिला नट रुसून गेला आणि त्याच्या भावाला पाठमोरा उभा केला. भुताच्या मनगटावर घड्याळ आहे, आणि ते बरोबर वेळ दाखवते. मी हे पंचवीसेक वेळा पाहिले असेल आणि दर वेळी पोट धरून हसलो. पण उजवा रकाना रिकामा नाही. सहाव्या रिळात एक मिनिट चाळीस सेकंद नुसता गिरणीचा पट्टा फिरतो. खोलीत कोणी नाही, संगीत नाही, पीठ पडते आहे. मग त्या पिठावर आतून बोटे उमटू लागतात. वरून नव्हे, आतून. कसे केले ते मला आजवर उलगडले नाही आणि यंत्राचे मला काही उलगडले नाही असे सहसा होत नाही. शिक्षण नाही, पैसा नाही, शिकवणारा कोणी नाही, तरी एका पडदे शिवणाऱ्याने ते केले. मी सातवी पास माणूस. त्या शंभर सेकंदांत मला कोणीतरी आपला भेटला.

ते सहावे रीळ आता नाही. डबा आहे, आत रिळाची एक घट्ट वडी आहे. ती उलगडत नाही. उरलेल्या सहांना व्हिनेगरचा वास येऊ लागला आहे. फिल्म कुजायला लागली की असा वास येतो. थंडाव्यात कुजणे हळू होते, थांबत नाही. फ्रीजर बंद झाला तर एका उन्हाळ्यात सगळे संपेल.

आणि तो बंद होणार आहे. परवाच मी पत्नीला विचारले. ती म्हणाली, "तुम्ही असेपर्यंत मी काही बोलले नाही. पण बावीस वर्षं ती घरघर माझ्या उशाशी आहे हो, भिंतीपलीकडे. तुम्ही नसाल तर मी तिचं बटण एक दिवससुद्धा चालू ठेवणार नाही. मला एकदा शांत झोपायचंय." यात तिचे काही चुकले आहे असे मला लिहिता येत नाही. मुलीला विचारले तर ती म्हणाली, "बाबा, तुमची झडप बदलतायत आणि तुम्ही रबरी हाताची काळजी करताय?" मग तिला रडू आले, म्हणून मी विषय सोडला.

कलम ६. सातही डबे, फ्रीजरसकट, भिंगाला द्यावेत.

भिंग म्हणजे चौकातला चष्मेवाला. लहानपणापासून त्याला सगळे भिंग म्हणतात आणि तो मला गारठ्या म्हणतो. म्हणत असे. अकरा वर्षे आम्ही बोललेलो नाही. प्रोजेक्टरची काच त्यानेच घासून बसवली. दर रविवारी दुपारी तीनला खिडक्यांना गोधड्या लावून आम्ही भिंतीवर चित्रपट पाहत असू. फिल्म कशी धरायची, कुठे थांबायचे, हे माझ्याखेरीज फक्त त्याला येते.

घरात सर्वांना ठाऊक आहे की सहावे रीळ भिंगाने बिघडवले. हे ज्याने सांगितले तो मी आहे, आणि ते खोटे आहे. आता नीट, क्रमाने लिहितो.

थंड डबा बाहेर काढला की एक अख्खा दिवस न उघडता ठेवावा लागतो. लगेच उघडला तर आतल्या थंड फिल्मला घाम फुटतो. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला फुटतो, तसाच. म्हणून डब्यांच्या झाकणांना चिकटपट्टी लावलेली असते. त्या रविवारी आमच्याकडे अकरा पाहुणे यायचे होते, त्यांत चित्रपटांवर पुस्तके लिहिणारे एक प्राध्यापक. शनिवारी भिंगाने सहा डबे बाहेर काढले आणि मला म्हणाला, "सहाव्याची पट्टी सुटलीये. मी आतच ठेवलाय. नवी पट्टी लाव आणि आजच बाहेर काढ, विसरू नकोस." मी "हो हो" म्हणालो. मी तेव्हा प्राध्यापकांपुढे करायचे भाषण पाठ करत होतो. सातवी पास माणसाने काय बोलावे याचा चौथा खर्डा चालू होता.

रविवारी पाचवे रीळ भिंतीवर चालू असताना मी सहाव्यासाठी हात घातला, तर डबा फ्रीजरमध्येच. उद्या या म्हणायला हवे होते. चहा करून चार गोष्टी सांगून सगळ्यांना घरी पाठवायला हवे होते. मी डबा टॉवेलने पुसला आणि उघडला. ज्याचा सगळा धंदा थंड वस्तूंना घाम का येतो यावर चालतो, त्या माणसाने. पट्टा फिरू लागला तसे चित्र धुरकटले, उड्या मारू लागले, आणि बोटे उमटायच्या आधी अडकले. प्राध्यापक हसले. वाईट हसले असेही नाही, पण हसले. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "भिंग्या, एक काम सांगितलं होतं. एक डबा बाहेर काढता येईना तुला?"

तो म्हणाला, "काल मी तुला काय सांगितलं होतं?"

मी म्हणालो, "काही सांगितलं नव्हतंस. खोटं बोलू नकोस."

त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला, माझ्याकडे पाहिले आणि गेला. मी ओलसर रीळ रागाच्या भरात घट्ट गुंडाळून परत फ्रीजरमध्ये टाकले. त्याची वडी झाली तीही माझीच.

याहून वाईट एक गोष्ट आहे. त्याच्या आदल्या वर्षी भिंग म्हणाला होता, "गारठ्या, याची एक कॉपी करून घेऊ या. एवढं एकच ठेवणं बरं नाही." मी म्हणालो, "कॉपीतलं भूत म्हणजे भुताचा फोटो." फार छान बोललो असे मला तेव्हा वाटले. त्या वाक्यापायी ते शंभर सेकंद गेले. आता ते त्याच्या डोक्यात आणि माझ्या डोक्यात आहेत, आणि त्यातले एक डोके परवा टेबलावर जाणार आहे.

सोमवारपासून मी त्याला तीनदा फोन केला. वहिनींनी दोनदा "बाहेर गेलेत" म्हणून सांगितले. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "भाऊजी, ते समोरच बसलेत. मी काय करू?" मी म्हणालो, "फक्त सांगा की पट्टीचं त्याने सांगितलं होतं."

कलम ७. म्हणून भिंगाला विनंती, आणि विनंतीला कायद्यात जागा नसेल तर तिला जागा करावी: माझ्यासाठी नको, त्या पडदेवाल्यासाठी घे. पाकिटात एका संस्थेचा पत्ता आहे. आकसलेल्या फिल्मची कॉपी त्यांच्या यंत्रावर न फाटता होते. डबे पाठवण्याआधी पट्ट्या तपास. पत्नीला विनंती: तो येईपर्यंत बटण चालू ठेव. फार तर पंधरा दिवस. तेवढे दिवस मुलीकडे झोपायला जा.

मी गेल्यावर कोणी मोठ्याने रडू नये. रडलेच तर प्रत्येकाने आपापले रडावे. चौघांनी एकच किंकाळी वापरू नये.

कलम ८. हे बुधवारी सकाळी जोडले आहे. साक्षीला शिक्षिकाबाईंना बोलावले होते आणि दुसरे साक्षीदार म्हणून औषधाच्या दुकानदाराची वाट पाहत होतो. दारात भिंग उभा राहिला. केस पांढरे झाले आहेत. पत्नीने त्याला पाणी दिले, पण बोलली नाही. तिच्या लेखी रीळ बिघडवणारा तोच होता. मी कलम सहा मोठ्याने वाचले. दोघांनाही ऐकू जाईल असे. पत्नी मध्येच स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच म्हणाली, "अकरा वर्षं त्या माणसाला मी या घरात नावं ठेवली हो! तुमच्या शब्दावर!" भिंगाने शेवटपर्यंत ऐकले.

"म्हणजे हे सगळं मला?" तो म्हणाला.

"तुलाच."

तो शिक्षिकाबाईंकडे वळला. "बाई, ज्याला मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर चालतं का?"

बाई म्हणाल्या, "सही चालते. पण मग त्याला जे दिलंय ते रद्द होतं. साक्षीदाराला काही घेता येत नाही."

"पेन द्या."

मी कागद ओढला. "भिंग्या, वेडा झालास का? तुझ्याशिवाय कोणी नाही. सगळं कुजून जाईल रे!"

"मग गुरुवारनंतर दुसरं लिही."

"आणि नाही उठलो तर?"

"मी माफ केलंय असं समजू नकोस," तो म्हणाला. "अकरा वर्षांचं भांडण माझ्याकडे तसंच पडलंय. सगळं पाठ आहे. ते मी कोणाशी भांडू? डब्यांशी?"

त्याने सही केली. औषधवाला नंतर आला आणि परत गेला.

सबब कलम ६ मधील देणगी रद्द झाली आहे, हे मी समजून उमजून नमूद करतो. तिच्या जागी लिहायला माझ्यापाशी दुसरे नाव नाही आणि शोधायला दिवस नाही. बाकी सर्व कलमे कायम. उद्या आठ वाजता माझ्याबरोबर दवाखान्यात कोण येणार, असे नर्सने फोनवर विचारले, तेव्हा फोन भिंगाने घेतला आणि म्हणाला, "मी येतोय. फिर्यादी."

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, खाडाखोड दोन ठिकाणी आहे व दोन्ही ठिकाणी माझी आद्याक्षरे आहेत.

स्थळ: दुकानामागची खोली
दिनांक: १४, बुधवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे

लिहून ठेवणार: (सही) फ्रीज दुरुस्त करणारा

आमच्यासमक्ष सही केली:
१. (सही) शिक्षिका, खालचा मजला
२. (सही) चष्मेवाला, चौक