एका वातीच्या तीन ज्योती

आई,

एरवी मी पाठकोऱ्या कागदावर बारीक अक्षरात लिहिते. घरात सगळे हसतात. आज कोरा कागद घेतला आहे आणि ओळ सोडून, मोठ्या अक्षरात लिहिते आहे. तू असतीस तर एवढं तरी तुला वाचता आलं असतं. तुला वाचता येत होतं हे दौंडात कुणाला ठाऊकच नव्हतं. पोथी तू माझ्याकडून वाचून घ्यायचीस आणि लोकांना वाटायचं, बाई अडाणी आहे. अक्षराशेजारी त्याची सावली पडते, मग अक्षर कुठलं आणि सावली कुठली कळत नाही, असं तू मला एकदाच म्हणालीस. तेही जवळ कुणी नसताना.

त्या नवरात्रापासून सुरुवात करते. रेल्वेच्या चाळीतली आपली खोली, कोपऱ्यात घट, समईत एकच वात. आत्या सणाला आलेली. तू सहज बोलून गेलीस, "वन्सं, वात एकच घातलीया न्हवं मी? मला तीन ज्योती दिसत्यात." आत्याने हातातलं ताट खाली ठेवलं. "तीन? नीट बघ, वैनी." तू म्हणालीस, एक मोठी आणि अंगाला लागून दोन बारक्या. आत्याने तिथेच जमिनीला डोकं टेकवलं. "तीन पोरी झाल्या म्हणून रडत हुतीस. बघ, आईनं त्याच तीन ज्योती करून दाखवल्या तुला." संध्याकाळपर्यंत सगळी चाळ गोळा झाली. कुणी तुझ्या पाया पडतंय, कुणी तान्हं मूल तुझ्या मांडीवर टाकतंय. शेजारची तेवढी म्हणाली, "आमच्याबी दिव्यात दाखवा की वो दोन जास्तीच्या, तेल तरी वाचंल." सगळ्या हसल्या, तूही हसलीस. आजीने तुला तोवर कधी नावाने हाक मारली नव्हती, 'पोरींची आई' म्हणायची. त्या दिवशी तिने पहिल्यांदा आरतीचं ताट तुझ्या हातात दिलं. ताट धरलेले तुझे हात मला आत्ताही दिसतात. आरती संपली तरी तू ताट सोडत नाहीस.

मी चौथी-पाचवीत असेन. मला तुझा फार हेवा वाटला. मी कितीही टक लावून बघितलं तरी मला आपली एकच ज्योत. पुढच्या वर्षी घटापुढे सगळ्या बसलेल्या असताना मी मोठ्याने म्हणाले, "मलाबी दोन दिसत्यात." आत्या हरखली. "बघा, लेकीत उतरलं." तुझा चेहरा मात्र पांढराफटक पडला. तू माझा दंड धरून मला मोरीकडे नेलंस, चिमणी पेटवलीस आणि माझ्यापुढे धरलीस. "हिच्या किती?" मी चिमणी सोडून तुझ्याकडेच बघायला लागले. "खरं सांग. किती?" मी म्हणाले, एकच. "आन् घटापुढं?" तिथेही एकच. तेव्हा तू माझ्या कानाखाली अशी वाजवलीस की चिमणीही हलली. आणि लगेच मला छातीशी इतकं आवळलंस की श्वास कोंडला. मग हाताची मूठ केलीस, मधे बारीक भोक ठेवलंस आणि ती डोळ्याला लावून चिमणीकडे बघितलंस. "अशी मूठ धरली की मलाबी एकच दिसती. देवीचं दर्शन मुठीनं झाकतं व्हय कधी?" तू फुंकर मारून चिमणी विझवलीस. "कुणाला बोलू नगं. बोललीस तर मी परत नुसती पोरींची आई."

मी बोलले नाही. एवढी वर्षं मला वाटत होतं, देवीपुढे खोटं बोलले म्हणून तू मारलंस. तू मारलंस ते घाबरून मारलंस, हे कळायला मला स्वतःची लेक वाढवावी लागली.

लग्न होऊन मी शिरूरला आले. तुझी नात चालायला लागायच्या आधी तू गेलीस. अकरावी-बारावीत ती सारखे डोळे चोळायला लागली, मान तिरकी करून टीव्ही बघायला लागली. बाजारातल्या चष्मेवाल्याने सिलेंडरचा नंबर निघाला म्हणून सांगितलं. हे म्हणाले, "घरातला एक परवडंना, आता डोळ्यालाबी सिलेंडर?" चष्मेवाल्याने तिच्या नंबरची काच हातात धरली आणि दुकानाच्या दाराची चौकट त्यातून आम्हाला दाखवली. काच जराशी फिरवली की चौकट एका अंगाला कलायची, अजून फिरवली की दुसऱ्या अंगाला. तो म्हणाला, "मावशी, साध्या नंबरची काच कशीबी फिरवा, चौकट सरळच राहती. ह्या काचेला दिशा असती. डोळा चेंडूसारखा गोल पायजे, हिचा एका बाजूनं दबलाय. तेवढंच आपण काचेत उलटं भरून काढायचं." घरी येऊन मी स्टीलच्या पळीच्या पाठीत माझं तोंड बघितलं. उभं धरलं की लांबोळकं, आडवं धरलं की पसरट. एवढंच असेल तर काही नाही, असं मला वाटलं. काचेत भरून काढतील.

पण दर खेपेला नंबर बदलायला लागला आणि काच पुरी पडेना. डिप्लोमा करून ती रांजणगावला कंपनीत लागली होती, सुटे भाग तपासायच्या कामावर. कंपनीची बस, गळ्यात ओळखपत्र, पहिल्या पगारात मला पितळी समई. वर्षभरात तिने पास केलेला माल परत येऊ लागला. साहेबाने तिला पॅकिंगला टाकलं. पुण्याला मोठ्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं, तेव्हा त्यांनी तिच्या डोळ्यापुढे एक काळी चकती धरली. चकतीला टाचणीएवढी भोकं. जी अक्षरं तिला चष्म्यातूनही लागत नव्हती ती तिने भोकातून घडाघडा वाचली. आई, मी खुर्चीचा हात घट्ट धरला. तुझी मूठ होती ती. बाईंनी विचारलं, घरात आधी कुणाला होतं का. मी म्हणाले, हो, माझ्या आईला. तुला दिलेला शब्द मी तिथे मोडला. परतीच्या बसमध्ये लेकीलाही तुझी मूठ करून दाखवली.

बुबुळाची पुढची काच पातळ होत जाते आणि शंकूसारखी पुढे येते, असं त्यांनी समजावलं. लवकर कळलं तर किरण देऊन थांबवता येतं, हिची त्याच्याही पलीकडे गेली होती. डोळ्यात घालायची कडक लेन्स करून बघितली. ती बसेना, दिवसभर वाळूचा खडा गेल्यासारखं पाणी वाहायचं. शेवटी डाव्या डोळ्याला, कुणी जाताना दान केलेल्या डोळ्याची काच बसवली. कुणाची ते सांगत नाहीत. सर्वपित्रीला तुझ्या पानाशेजारी मी त्या माणसाचंही पान वाढलं, नाव नसलेलं. कावळा लगेच शिवला. मला वाटलं, आता सगळं ठीक होणार. दिवाळीनंतर तो डोळा लाल झाला, दुखायला लागला, औषधांना दाद देईना. आता त्यावर दुधाची साय धरल्यासारखं झालं आहे. कंपनी सुटली. स्थळं यायची तीही थांबली. वेळेवर नेलं नाही असं म्हणायलाही जागा नाही, प्रत्येक तारखेला मी तिच्याबरोबर होते.

गेल्या आठवड्यात दुपारी दवाखान्यातून फोन आला. उजव्या डोळ्यासाठी काच मिळते आहे, संध्याकाळपर्यंत कळवा. ती म्हणाली, नको. एवढं दिसतंय तेही घालवायचं नाही मला. मी समजावलं, देवाची शपथ घातली. तिने भिंतीकडे तोंड केलं. दिवेलागण झाली, मी समई लावली. काय करू सुचेना आणि तोंडातून निघून गेलं, "मलाही हल्ली दोन ज्योती दिसायला लागल्यात. चल, आपण दोघी जाऊ. तुझंही बघतील, माझंही."

ती उठून बसली. आई, तुझाच चेहरा, तसाच पांढरा. "कधीपासून? आधी का नाही बोललीस? तुझं थांबवता येईल अजून." मग म्हणाली, "मूठ कर. मुठीतून किती दिसतात?" एक, मी म्हणाले. "आता मूठ काढ. आता?" काय सांगायचं ह्याचा मी क्षणभर विचार केला, आणि तेवढ्यात तिला कळलं. तिने हात उगारला नाही. उगारला असता तर बरं झालं असतं. माझ्या गुडघ्यावर डोकं टेकून म्हणाली, "किती घाबरवलंस गं." मी विचारलं, तुला किती दिसतात. "मोजत नाही आता. फुलबाजीसारखं दिसतं नुसतं." फोन तिनेच लावला आणि नको म्हणून सांगितलं. ती काच दुसऱ्या कुणाला गेली असेल. ज्याला गेली त्याला नीट दिसो.

उजवा डोळाही चालला आहे, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. आम्ही बोलत नाही. मी तिला पोथी वाचून दाखवते, तुला दाखवायचे तशी. ती ऐकते की नाही कळत नाही.

हे कागद कुठे ठेवायचे नाहीत. मागची बाजू कोरी आहे, त्यावर महिन्याचं वाणसामान लिहीन आणि महिना सरला की बंबात जातील. एकच सांगायचं राहिलं. त्या दिवसापासून दिवा लावला की मी देवीकडे तिचे डोळे मागत नाही. मागून झालं. आता म्हणते, तिच्या जास्तीच्या ज्योती मला दे. आणि डोळे उघडून बघते.

एकच दिसते.