बशांवरचा न दिसणारा थर

ताई,

तुला आणि भावजींना वाकून नमस्कार. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. छोटीचा खोकला थांबला का?

सोमवारी माझ्याकडून प्रयोगशाळेत मोठी चूक झाली. मॅडमनी कर्करोगाच्या पेशींसाठी ठेवलेल्या बारा बशा मला रिकाम्या दिसल्या, म्हणून मी साबणाने लख्ख धुतल्या. मग त्यांत सोडलेल्या पेशी बशीच्या तळाला चिकटेचनात. वाटलं, गेली नोकरी.

मॅडम मात्र हसल्या. म्हणाल्या, "अरे शहाण्या, त्यांच्या पायाखालची जमीनच पुसलीस की." बशांवर फायब्रोनेक्टिन नावाच्या प्रथिनाचा थर होता, डोळ्यांना न दिसणारा. शरीरात पेशींच्या बाहेर अशाच प्रथिनांचं जाळं असतं. एरवी ते पेशींना धरून ठेवतं, पण कर्करोग त्याच्याच आधाराने पसरतो. माझ्यासारख्या नववी नापासाला त्यांनी स्टूल देऊन अर्धा तास समजावलं. एवढ्या शिकलेल्या बाई, पण बोलणं किती साधं!

पुढे म्हणाल्या, "जाळं दाट झालं की गाठ कडक लागते. दुखत नाही म्हणून बायका अंगावर काढतात."

तुझी काखेतली गाठ सुपारीएवढी कडक आहे, पण दुखत नाही, असं तू लिहिलं होतंस. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "प्रत्येक गाठ वाईट नसते. पण ते तपासल्यावरच कळतं. याच आठवड्यात डॉक्टरकडे जायला सांग."

हे पत्र भावजींना दाखव. तू दाखवणार नाहीस हे ठाऊक आहे, म्हणून त्यांना दुकानाच्या पत्त्यावर वेगळं लिहिलं आहे.

तुझा काळजीखोर,
धाकटा