लाउंजमध्ये तीन खुर्च्या

१२ मे

धाकट्याला नोकरी लागली. परदेशात, जहाजं बांधतात तिथे, वेल्डर म्हणून. दोन वर्षांचा करार. बाबा टेम्पो भर रस्त्यात तसाच सोडून वर आले आणि मागच्या गाड्यांनी हॉर्नचा कहर करेपर्यंत त्याला मिठी मारून उभे राहिले.

मला आनंद झाला. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, त्यामुळे विमानातही पहिली मीच बसणार असं सगळे धरून चालले होते, एवढंच. मी धरून चालले नव्हते. शिक्षण माणसाला असल्या क्षुद्र गोष्टींच्या वर नेतं.

जेवताना आई म्हणाली, तो जायच्या दिवशी मला तासभर त्याच्याजवळ बसू द्या, बाकी काही नको. घरी कसली बसते मी? काका, मामा, शेजारी, सगळे त्याला घेरून सल्ले देणार आणि मी चहा गाळत राहणार.

तिथल्या तिथे ठरवलं. विमानतळावर लाउंज असतं. मऊ खुर्च्या, गरम जेवण, शांतता. योग्य क्रेडिट कार्ड असलं की फुकट. माझा भाऊ बॅग मांडीवर घेऊन लोखंडी बाकड्यावर बसणार नाही. आई त्याच्या शेजारी बसेल. मी समोर बसून कुठली डिश कुठून घ्यायची ते सांगेन.

धाकटा म्हणाला, ताई, तू गेलीयस का कधी तिथे? मी म्हणाले, जाण्याचा आणि माहिती असण्याचा काही संबंध नसतो.

१९ मे

कार्ड आलं. काळं, जाड. हातात घेतल्यावर पाठ आपोआप ताठ होते.

मी ग्राहक मार्गदर्शन केंद्रात काम करते. न वाचता सह्या करून फसलेले लोक दिवसभर माझ्यासमोर बसून रडतात. माझ्यामागे पाटी आहे: 'आधी वाचा, मग सही करा.' त्यामुळे मी सगळ्या अटी वाचल्या. बारीक अक्षरातल्यासुद्धा. फक्त परिशिष्ट सोडलं. परिशिष्टात महत्त्वाचं कुणी लिहीत नाही.

लाउंजमध्ये मी आणि सोबत दोन पाहुणे. म्हणजे मी, आई, धाकटा. जणू आमच्यासाठीच बेतलंय. बाबा म्हणाले, मला मोजू नका, टेम्पोपाशी कुणी थांबायचं?

एकच अट आहे. तिमाहीत कार्डावर ठरावीक खर्च झाला की लाउंज उघडतं. योग्यच आहे. कुणीही ऐऱ्यागैऱ्याने येऊन बसू नये. (समतेच्या दृष्टीने यावर सवडीने विचार करायचा.)

२४ मे

घरचा सगळा खर्च आता माझ्या कार्डावर. टेम्पोचे टायर झाले. आईच्या शिवणयंत्राची मोटर झाली. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे कार्डाचं मशीन नाही, म्हणून त्याच्याकडून माल बंद. आई म्हणाली, तुझ्या जन्माच्या आधीपासून तो आपल्याला उधार देतोय. मी म्हणाले, भावना आणि व्यवहार यांची गल्लत करू नये.

धाकट्याने फुटपाथवरून बूट आणले होते. बूट चांगले होते, पण रोखीचे. परत करायला लावले. मोठ्या दुकानातून कार्डावर घेतले. टाचेला लागतात म्हणतो. चामडं आहे, सैल होईल.

७ जून

कार्डाच्या कंपनीत फोन केला, सहज, खात्री करायला. फोनवरची मुलगी अतिशय गोड बोलली. म्हणाली, या तिमाहीत खर्च केलात तर पुढच्या तिमाहीत लाउंज उघडेल, एक जुलैपासून.

धाकट्याचं विमान सव्वीस जूनला आहे.

मी विचारलं, हे लिहिलंय कुठे? ती म्हणाली, परिशिष्टात, मॅडम.

तिला आईबद्दल सांगितलं. ती म्हणाली, मी समजू शकते, आणखी काही मदत करू का?

बाबा म्हणाले, जाऊ दे ना गं. विमानतळाच्या बाहेर एखादा कठडा असेलच. बसतील दोघं. मी म्हणाले, आईला कठड्यावर बसवायला शिकले का मी? बाबा टेम्पोची किल्ली घेऊन खाली गेले. मुद्दा पटला असावा.

१५ जून

व्हिसा लांबला. नवीन तारीख चार जुलै.

घरावर सुतकी कळा. धाकट्याने वर्कशॉप सोडलंय, मालकाने त्याच्या जागी दुसरा माणूसही घेतला. आता ना इथला ना तिथला. दिवसभर बूट सैल करत घरात फेऱ्या मारतो. आजी असती तर म्हणाली असती, जमीन झिजेल रे.

मीही दुःखी आहे. कपाटात तोंड घालून दुःखी होत होते, तर आई म्हणाली, गुणगुणतेस कशाला?

२२ जून

ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्याला सगळे शंकासुर म्हणतात. चांगल्या कामात खोट काढणं हा त्याचा जन्मसिद्ध धर्म. आज म्हणाला, तिकीट नसलेल्या माणसाला विमानतळात सोडतात का?

नाही सोडत. धाकट्याकडे तिकीट आहे. माझ्याकडे आणि आईकडे नाही.

दुपारपर्यंत डोकं सुन्न. मग तोडगा सुचला. सगळ्यात जवळच्या शहराची सगळ्यात स्वस्त दोन तिकिटं काढायची. विमानात बसायचंच नाही. आत जायचं, लाउंजमध्ये निवांत बसायचं, धाकट्याला निरोप द्यायचा आणि बाहेर यायचं. तिकिटंही कार्डावर, म्हणजे राहिलेला खर्चही पुरा. एका दगडात दोन पक्षी.

शंकासुर म्हणाला, आणि बाहेर कसं येणार? मी म्हणाले, दारातून.

घरी आई हटून बसली. जिथे जायचंच नाही तिथलं तिकीट कसलं काढतेस? तिथे कोण आहे आपलं? मी म्हणाले, कुणी नाही, म्हणून तर जायचं नाही. ती म्हणाली, लबाडी वाटते मला ही. मी तिला ग्राहकाचे हक्क समजावले. ती भाजी चिरत राहिली. शेवटी धाकटा म्हणाला, चल गं आई, ताईला हौस आहे.

हौस नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. पण ती हो म्हणाली.

३ जुलै

घरात पाय ठेवायला जागा नाही. काका धाकट्याला समुद्राबद्दल सांगतायत. काकांनी समुद्र पाहिलेला नाही. आई सकाळपासून ओट्यापाशी उभी. तिला कानात म्हणाले, आज सोस. उद्या तास काय, दोन तास बस त्याच्याजवळ. तिने माझ्या गालाला ओला हात लावला.

उद्याचा बेत पक्का. लाउंज भरून जातं म्हणतात, म्हणून मी पुढे जाऊन जागा पकडणार. बसच्या खिडकीतून रुमाल टाकण्यात लहानपणी माझा हात कुणी धरत नसे. धाकटा सामान देऊन आईला घेऊन मागून येईल.

४ जुलै, सकाळी, लाउंजमधून

बाबांनी मला माझ्या तिकिटावर लिहिलेल्या दाराशी सोडलं. झडती झाली. लाउंजच्या टेबलावर कार्ड दिलं, यंत्रावर हिरवा दिवा लागला. हिरवा!

खिडकीजवळच्या तीन खुर्च्या पकडल्या. एकीवर मी, दुसरीवर स्वेटर, तिसरीवर पाण्याची बाटली. लोक हातात ताटली घेऊन बाटलीकडे बघतात, मग माझ्याकडे. मी नजर देत नाही.

सूप आहे, अंडी आहेत, चार तऱ्हेचे ब्रेड. हात लावलेला नाही. सगळे आले की.

थोड्या वेळाने

धाकट्याचा फोन. बाहेरच्या पोलिसाने त्याचा कागद बघितला आणि दुसऱ्या इमारतीकडे पिटाळलं. परदेशी विमानं तिकडून सुटतात म्हणे. बाबांना टेम्पो उभा करू देत नाहीत. शिट्टी वाजली की ते एक फेरी मारून येतात. आई आणि तो फुटपाथवर आहेत.

मी म्हणाले, घाबरू नका, आतून रस्ता असणार. एवढा विमानतळ बांधणाऱ्यांना एवढी अक्कल असतेच.

लाउंजच्या टेबलावरची बाई म्हणाली, आतून रस्ता नाही, मध्ये धावपट्टी आहे. शिवाय तुमचं कार्ड तिकडच्या लाउंजला चालत नाही. हे कुठे लिहिलंय ते मी विचारलं नाही.

ठीक आहे. बेत बदलला. बाहेर पडायचं, बस पकडून तिकडे जायचं, तिघांनी कठड्यावर बसायचं. कठडा तसा मोकळ्या हवेत असतो. धाकट्याला कळवलं, पाच मिनिटांत येते, हलू नका.

अजून लाउंजमधूनच

बाहेर सोडत नाहीत.

झडतीच्या दाराशी गणवेशातला माणूस आडवा आला. म्हणाला, इकडून फक्त आत येतात. मी म्हणाले, मला विमानाने जायचं नाहीये. मग तिकीट का काढलंत? लाउंजसाठी. लाउंज कशाला? भावासाठी. भाऊ कुठाय? दुसऱ्या इमारतीत. सामान? एक स्वेटर, एक बाटली. कुठे आहे? खुर्च्यांवर.

त्याने साहेबांना बोलावलं. साहेबांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले, फक्त हळू आवाजात. मग म्हणाले, तुमच्या विमान कंपनीचा माणूस येऊन सही करून तुम्हाला नेईल. तो आत्ता गेटवर प्रवासी चढवतोय. विमान सुटलं की येईल. तोवर बसा.

परत आले. तिन्ही खुर्च्या तशाच होत्या.

धाकट्याने विचारलं, ताई, कुठवर आलीस? मी म्हणाले, निघालेच, पाच मिनिटं. हे खोटं नाही. माणूस कुठल्याही क्षणी येऊ शकतो. मागून आईचा आवाज आला, तिला म्हणावं सावकाश ये, पडशील बिडशील.

तिथूनच

माणूस आला! पण हा तो नव्हे. हा गेटवरून धावत आलेला. माझं नाव घेऊन म्हणाला, चला चला, तुमच्यासाठी विमान खोळंबलंय. मी म्हणाले, मला नाही यायचं. मग कुठे जायचंय? बाहेर. तो कळवळून म्हणाला, बाई, मी तुम्हाला फक्त विमानात नेऊ शकतो, बाहेर नाही.

क्षणभर वाटलं, जावं. त्या शहरात उतरावं, तिथून परत यावं. तिथे आपलं कुणी नाही.

धाकट्याचा फोन. म्हणाला, मला आत जायला सांगतायत, काउंटर बंद होईल म्हणतायत. पण थांबतो मी. तू आलीस की जातो. मी म्हणाले, थांबच. आता खरंच पाच मिनिटं.

एक आजोबा काठी टेकत आले आणि विचारलं, बाळ, इथे कुणी आहे का? मी म्हणाले, हो, येतायत.

४ जुलै, दुपारी

सुटका झाली. कंपनीच्या माणसाने तीन ठिकाणी सह्या केल्या, मी दोन. न वाचता.

बस पकडून पलीकडे पोहोचले तर आई फुटपाथवर उभी. एकटी. धाकटा शेवटच्या क्षणी पळत आत गेला होता. बूट चावत असल्याने लंगडत पळाला, म्हणाली. बाबांची तेव्हा फेरी चालू होती. ते परत आले तोवर तो काचेच्या आत.

तिघं टेम्पोतून घरी आलो. टायर नवीन असल्याने गाडी छान चालत होती.

७ जुलै

धाकटा सुखरूप पोहोचला. खोलीत आठ जण आहेत, वरचा पलंग मिळालाय.

कार्डाच्या कंपनीतून त्या गोड मुलीचा फोन. लाउंजचा अनुभव पाचपैकी किती? मी चार दिले. निष्पक्ष असायला हवं. लाउंजचा त्यात काही दोष नव्हता. ती म्हणाली, मॅडम, आता तुम्हाला याच्या वरचं कार्ड मिळू शकतं, परदेशी विमानांच्या इमारतीतही चालणारं. मी म्हणाले, परिशिष्ट पाठवा.

एकूण विचार करता बेत अगदीच फसला असं म्हणता येणार नाही. ना काका, ना मामा, ना शेजारी. आईला धाकटा एकटा मिळाला, आणि तासाहून जास्त मिळाला. मूळ उद्देश तोच होता. हे तिला एकदा नीट समजावून सांगायला हवं.

९ जुलै

सांगितलं.

आई शिवणयंत्रावर होती. मान वर न करता म्हणाली, बसला कुठे तो? उभाच होता. तुझी बस कुठून येईल ते बघत. मी काही बोलायला गेले की म्हणायचा, थांब आई, ताई पोहोचतेच आहे, ती आली की बसू निवांत. मी आपली त्याच्या पाठीकडे बघत होते.

मी म्हणाले, मला खरंच वाटत होतं गं, पाच मिनिटांत सुटेन म्हणून.

आई म्हणाली, त्यालाही वाटत होतं.